केसांच्या गोळीमुळे मन खचतंय का? शंका तपासायची कशी

केस विरळ होतात म्हणून फिनास्टराइड सुरू केलं, दोन-तीन महिने गेले, आणि आता कशातच मन लागत नाही. हे गोळीमुळे की गोळीचं नाव उगाच पुढे येतंय? विचारलंत तर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक मित्र म्हणतो, ‘विष आहे ते, आजच फेक.’ दुसरा म्हणतो, ‘एक मिलिग्रॅमच्या गोळीनं काय होतंय? डोक्यातून काढ.’ दोघांनीही तपासलेलं काहीच नसतं. मी औषधाच्या दुकानात बसतो. केसांची गोळी मागायला येणारी बरीचशी मुलं विशीतली असतात, आणि त्यांच्याकडे या गोळीबद्दल एक तर काहीच माहिती नसते किंवा भीती बसेल एवढी असते. शंका पद्धतशीर तपासता येते. तपासून दर वेळी पक्कं उत्तर मिळेल असं नाही, पण पुढे काय करायचं ते नक्की ठरतं.

सगळ्यात आधी

मी नसलो तर बरं, जगण्यात अर्थ नाही, स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार येत असतील तर बाकीचा लेख नंतर वाचा. केसांसाठीची गोळी आजपासून बंद करा, घरातल्या किंवा खोलीवरच्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारी टेली-मानस सेवा. चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. विचार ‘कसं करायचं’ इथपर्यंत गेले असतील तर एकटं राहू नका. ११२ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. घरात औषधांचा साठा असेल तर तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या. कारण कोणतं, याचा हिशेब नंतर करता येतो.

आणि हे तुम्ही मुलासाठी, भावासाठी, नवऱ्यासाठी वाचत असाल तर त्याला थेट विचारा. विचारल्यामुळे असा विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

या शंकेला आधार कितपत

फिनास्टराइड मुळात प्रोस्टेटचं औषध. ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनवणारं एक एन्झाइम असतं, ते ही गोळी अडवते. डीएचटी घटलं की डोक्यावरच्या केसांची मुळं बारीक होत जाणं थांबतं किंवा मंदावतं.

याच एन्झाइमचं घराणं मेंदूतही काम करतं. तिथं प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं, आणि ते मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेला बळ देतं. हाच पदार्थ औषध म्हणून बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाला. तेव्हा त्याचा मूडशी संबंध आहे, यात शंका नाही. फिनास्टराइडमुळे तो कमी होऊन काही जणांचं मन बिघडत असावं, हा तर्क शरीरशास्त्राला धरून आहे. अर्थात तर्क जुळला म्हणजे तुमच्या बाबतीत तेच घडलं, असं नाही.

औषध नियामकांनी ही गोष्ट टप्प्याटप्प्यानं मान्य केली. ब्रिटनच्या एमएचआरएनं २०१७ मध्ये डिप्रेशन आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल सावध केलं आणि २०२४ मध्ये गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी इशाऱ्याचं कार्ड घालायला लावलं. अमेरिकेच्या एफडीएनं २०२२ मध्ये १ मिलिग्रॅमच्या माहितीपत्रकात आत्महत्येचे विचार आणि तशी कृती यांची भर घालायला सांगितली. युरोपच्या ईएमएनं मे २०२५ मध्ये फेरतपासणी संपवून आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं निश्चित केलं. किती जणांना होतो, ते प्रमाण मात्र ‘अज्ञात’ असं लिहिलं. त्यांच्यासमोर आत्महत्येच्या विचारांच्या फिनास्टराइडशी जोडता येतील अशा ३१३ नोंदी होत्या, आणि औषधाचा आजवरचा वापर होता सुमारे २७ कोटी रुग्ण-वर्षं (एका रुग्णानं वर्षभर औषध घेतलं की एक रुग्ण-वर्ष). ‘एवढंच?’ असं वाटेल. पण असे त्रास कळवणारे फारच थोडे असतात, त्यामुळे ३१३ ला २७ कोटींनी भागून स्वतःचा धोका काढायला बसू नका. त्यातून कळतं ते इतकंच, की ही घटना काल्पनिक नाही.

अभ्यासांतही सगळं एका दिशेला जात नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ६६ वर्षांवरच्या पुरुषांवर झालेल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात औषध सुरू केल्यावर पहिल्या १८ महिन्यांत डिप्रेशनचं निदान आणि स्वतःला इजा करून घेणं, दोन्ही जास्त आढळलं. आत्महत्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेकडच्या नोंदींचं २०२० मध्ये विश्लेषण झालं, त्यात धोक्याची खूण उठून दिसली ती ४५ च्या आतल्या, केसांसाठी औषध घेणाऱ्यांत. पण २०१२ पासून बातम्या वाढल्या तशा नोंदीही वाढल्या, हे त्याच संशोधकांनी नमूद केलं आहे.

भीतीचाही आपला वाटा असतो. २००७ चा एक इटालियन प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. प्रोस्टेटच्या रुग्णांना एकच औषध दिलं. अर्ध्यांना लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात असं सांगितलं, अर्ध्यांना नाही. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. त्रास खोटा नसतो, मात्र अपेक्षेनं तो वाढतो. तेव्हा तपासणी करताना दोन्ही शक्यता उघड्या ठेवायच्या. यातली एक मनातून आधीच बाद केलीत तर पुढच्या नोंदी कितीही नेटक्या असल्या तरी उपयोग नाही.

पायरी १: तुम्ही नेमकं काय घेता ते वाचा

हे हास्यास्पद वाटेल, पण निम्मा गोंधळ इथंच असतो. ‘मी गोळी घेत नाही, फक्त लोशन लावतो,’ असं सांगणाऱ्याच्या बाटलीवर बारीक अक्षरात मिनॉक्सिडिल ५ टक्के आणि खाली फिनास्टराइड ०.१ टक्का लिहिलेलं असतं. टाळूवर लावलेलं फिनास्टराइडही काही प्रमाणात रक्तात उतरतं. एफडीएनं एप्रिल २०२५ मध्ये ऑर्डरप्रमाणे बनवून विकल्या जाणाऱ्या अशा लोशनबद्दल वेगळी सूचना काढली. त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींत चिंता, डिप्रेशन, निद्रानाश, आत्महत्येचे विचार, डोकं बधिर झाल्यासारखं वाटणं, हे सगळं होतं. तेव्हा बाटली हातात घ्या, ‘कंपोझिशन’ ही ओळ शोधा आणि प्रत्येक नाव कागदावर उतरवा.

केसांच्या उपचाराच्या किटमध्ये कॅप्सूल असेल तर ती ड्युटास्टराइडची आहे का ते बघा. काम तेच, पण अंगात ते कितीतरी जास्त टिकतं. स्वस्त पडतं म्हणून ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करून घेणारेही असतात. हाताने केलेले तुकडे सारखे होत नाहीत, म्हणजे डोस रोज वेगळा. (गरोदर बाईनं हे तुकडे किंवा भुकटी हाताळू नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.)

पोटातून घ्यायच्या मिनॉक्सिडिलची गंमत वेगळी. मुळात ते रक्तदाबाचं औषध. त्यानं छातीत धडधड होऊ शकते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर अशी धडधड सुरू झाली की माणसाला ती घबराटच वाटते. नाडी मोजा, शक्य तर घरच्या मशिनवर रक्तदाबही पाहा. नाडी वाढलेली असेल तर मानसोपचाराकडे वळण्याआधी डोस लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. पायावर सूज, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

किटमधली बायोटिनची गोळी निरुपद्रवी समजतात. मनाला ती काही करत नाही, पण थायरॉइडच्या रक्ततपासणीत गोंधळ घालते. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा, आणि घेत होता हे लॅबमध्ये सांगा.

शेवटी तारखा. पहिली गोळी कधी घेतली, कंपनी किंवा डोस कधी बदलला, मध्ये किती दिवस खाडा पडला. आठवत नसेल तर बिलं बघा, ऑनलाइन ऑर्डरमध्ये तारीख असतेच.

पायरी २: ‘आधी कसा होतो’ याची नोंद

औषध अजून सुरू केलं नसेल तर तुमच्यासारखा नशीबवान कोणी नाही. पहिली गोळी घेण्याआधी पीएचक्यू-९ भरून तारीख टाकून ठेवा. ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली फुकट मिळते, मराठीतही आहे, पाच मिनिटांत होते. गेल्या दोन आठवड्यांत उदासी, कामात रस नसणं, झोप, भूक, थकवा वगैरे किती दिवस होतं, ते ० ते ३ गुणांत सांगायचं. एकूण २७ पैकी ५ च्या खाली किरकोळ, १० पासून पुढे डॉक्टरांना दाखवण्याजोगं, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र आणि २० पासून तीव्र. चिंतेसाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची बहीण आहे, तीही भरा. यांनी निदान होत नाही, पण ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांची तुलना आकड्यांत होते.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथं शून्याऐवजी दुसरं काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही लहान असो, वर ‘सगळ्यात आधी’मध्ये लिहिलेलं करा.

पूर्वी डिप्रेशन येऊन गेलं असेल, घरात कुणाला असेल, तर हे डॉक्टरांना गोळी लिहून घेण्याआधीच सांगायला हवं. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘मानसिक आजार आहे का’ या चौकोनावर ‘नाही’ टिक करून पुढे जाणं फार सोपं असतं. चार केसांसाठी तेवढं करू नये, असं माझं मत.

औषध सुरू होऊन महिने झाले असतील तर मागची नोंद आता तयार करता येणार नाही, पण तिच्या जवळपास जाता येतं. जुने मेसेज, फोटो, जिमची हजेरी, अभ्यासाची वही, फोनमधली झोपेची नोंद चाळा. आणि रोज सोबत असणाऱ्या एका माणसाला विचारा, ‘गेल्या सहा महिन्यांत मी बदललोय असं वाटतं का? कधीपासून?’ गोळीचा विषय आधी काढू नका. काढलात की तोही गोळीच्याच तारखेपासून आठवायला लागेल.

पायरी ३: रोज एक ओळ, दोन आठवड्यांनी एक फॉर्म

रोज तासभर स्वतःला चाचपत बसलात तर बरा माणूसही आजारी वाटू लागतो. म्हणून झोपताना एकच ओळ. झोप, गोळी घेतली की नाही, मनाला दहापैकी गुण, आणि त्या दिवशी घडलेलं एक काहीतरी. समजा, सव्वीस वर्षांचा एक मुलगा आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो. त्याची वही अशी दिसेल:

सोम: झोप ५ तास, दोनला जाग. गोळी घेतली. मन ४. मेसला गेलो नाही, खोलीवर बिस्किटं.
मंगळ: झोप ६. गोळी घेतली. मन ३. निकाल लागला, नाव नाही.
बुध: झोप ४. गोळी विसरलो. मन ३. घरून तीन फोन, उचलले नाहीत.

मंगळवारची ओळ नसती तर महिन्यानंतर त्याला फक्त गोळी आठवली असती. ‘घडलेलं एक काहीतरी’ हा रकाना त्यासाठीच. बुधवारी गोळी विसरूनही मन ३ च आहे, त्यावरून मात्र काही ठरवू नका. एका दिवसाच्या खाड्यानं या औषधाचा परिणाम जात नाही.

पीएचक्यू-९ दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या वारी. तो मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतो, त्यामुळे रोज भरण्यात अर्थ नाही. ओळीच्या बाजूला लैंगिक इच्छा आणि ताठरता यांची साप्ताहिक नोंदही ठेवा, लाज वाटली तरी. त्याचं कारण ईएमएच्या २०२५ च्या सूचनेत आहे: लैंगिक तक्रार हीच कधी कधी मूड ढासळायला हातभार लावते.

पायरी ४: बाकीचे संशयित

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो इथंच. केस जाणं आणि मन जाणं यांची मुळं पुष्कळदा एकच असतात. डेंगी, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, झपाट्यानं कमी केलेलं वजन, नोकरी जाणं, घरातला मृत्यू, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळू लागतात. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात आणि ते बहुधा आपोआप थांबतं. घाबरून मुलगा त्याच सुमाराला गोळी सुरू करतो. तोवर त्या मूळ धक्क्याचा मनावरचा परिणामही वर यायला लागलेला असतो. वहीत दिसतं ते असं: गोळी सुरू, आणि नंतर उदासी. खरी सुरुवात चार महिने आधीची. म्हणून काळाची पट्टी गोळीच्या तारखेपासून आखू नका, गोळीच्या आधीच्या सहा महिन्यांपासून आखा.

रक्तातल्या गोष्टी तपासून घ्या: टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (साठवलेलं लोह), बी-१२, ड जीवनसत्त्व. थायरॉइड आणि लोह तर दोन्हीकडे लागू, केसांनाही आणि मनालाही. शाकाहारी माणसात बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही.

दुसरी औषधं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का? त्याच्याही माहितीपत्रकात मूडचा इशारा आहे, आणि स्किनच्या डॉक्टरांकडून दोन्ही एकाच चिठ्ठीवर आलेली असू शकतात. जिममध्ये कुणी ‘कोर्स’ दिलाय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की केस गळतात, आणि कोर्स थांबला की मन कोसळू शकतं. फिनास्टराइडवर खापर फोडण्याआधी हे खरं खरं लिहा. दारू, गांजा, रात्रपाळी, व्याजाचे हप्ते, लग्नाची स्थळं. स्थळांच्या बैठका आणि आरसा या दोघांनी मिळून केलेलं नुकसान मी पाहिलं आहे, त्यात गोळीचा काही दोष नव्हता.

आणि खुद्द टक्कल. आरशासमोर रोज अर्धा तास, फोटो टाळणं, टोपीशिवाय बाहेर न पडणं, हे गोळीच्या आधीपासून असेल तर तो आजार केसांपुरता राहिलेला नाही. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, तेव्हा तर मन हमखास खचतं. ही गळती अपेक्षित असते, पण कुणी सांगितलेलंच नसतं.

पायरी ५: थांबवणं

पहिल्या चार पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय गोळी थांबवायची नाही, असा अर्थ काढू नका. उदासी, चिंता, झोप उडणं हे नवीन असेल आणि हटत नसेल, तर केसांसाठीची १ मिलिग्रॅमची गोळी थांबवायची आणि डॉक्टरांशी बोलायचं, उदासीच्या बाबतीत नियामकांचाही हाच सल्ला आहे. ‘अजून महिनाभर घेऊन बघू, म्हणजे पक्कं कळेल’ हा प्रयोग करू नका. हळूहळू कमी करायची गरज नसते, एकदम बंद करता येते. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या काकांनी मात्र परस्पर बंद न करता लगेच डॉक्टरांना गाठावं. तिथं लघवी अडण्याचा प्रश्न असतो.

केसांचं नुकसान किती? जवळजवळ काहीच नाही. औषधानं मिळालेला फायदा ओसरायला बंद केल्यापासून साधारण वर्ष लागतं. सहा आठवड्यांच्या खंडाची भीती बाळगून सहा आठवडे उदासीत काढणं हा मला तरी तोट्याचा सौदा वाटतो.

औषध रक्तातून लवकर जातं, तरुण माणसात पाच-सहा तासांत निम्मं होतं. डीएचटी पूर्वपदावर यायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून थांबवल्यानंतर निदान चार ते सहा आठवड्यांच्या नोंदी बघून मग अंदाज बांधा. दुसऱ्याच दिवशी मोकळं वाटलं तर आनंद आहे, पण तो बहुधा निर्णय घेतल्याचा मोकळेपणा असतो. ड्युटास्टराइडचं गणित वेगळं. त्याचा निम्मा होण्याचा काळच सुमारे पाच आठवडे आहे, ते महिनोन् महिने अंगात राहतं. तिथं सहा आठवड्यांत काही फरक नाही म्हणून ‘औषधाचा संबंध नाही’ असं म्हणता येत नाही.

या काळात शक्यतो एकच बदल. गोळी बंद, अश्वगंधा सुरू, चहा बंद, जिम सुरू, असं एकाच सोमवारी केलंत तर नंतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळणार नाही. मात्र पीएचक्यू-९ पंधराच्या वर असेल, किंवा रोजची कामं होत नसतील, तर शुद्ध निष्कर्षासाठी उपचार रोखून धरू नका. समुपदेशन, डिप्रेशनचं औषध, जे डॉक्टर म्हणतील ते सुरू करा. आणि आधीपासून डिप्रेशनचं औषध चालू असेल तर ते केसांच्या गोळीबरोबर बंद करू नका.

पायरी ६: गुण द्या

औषधाचा आणि त्रासाचा संबंध किती घट्ट, हे मोजायला नारांजो मापक वापरतात. १९८१ पासून रुळलेली ही दहा प्रश्नांची पट्टी. घरी अधिकृत निकाल काढायचा नाही, पण त्यातले चार प्रश्न विचारांना शिस्त लावतात.

असा त्रास या औषधामुळे झाल्याच्या आधीच्या नोंदी आहेत? आहेत, म्हणून १. त्रास औषध सुरू झाल्यानंतर आला? होय असेल तर २, आधीपासून होता तर उणे १. थांबवल्यावर सुधारला? होय असेल तर १. एकट्यानं हा त्रास घडवू शकेल असं दुसरं कारण आहे? आहे, तर उणे १. नीट शोधूनही नाही, तर २.

आपल्या एमपीएससीच्या मुलाचं बघू. जानेवारीत गोळी सुरू करताना पीएचक्यू-९ होता ४. मार्चच्या सुरुवातीला झोप बिघडली, मार्चअखेर १३. मधेच निकाल लागला. गोळी थांबवून सहा आठवडे झाले तेव्हा ६. त्याचे गुण १, २, १ आणि निकालामुळे उणे १, म्हणजे ३. मापकाच्या भाषेत १ ते ४ म्हणजे ‘शक्य’. निकालाचा धक्का किंवा दुसरं कारण नसतंच, तर चौथ्या प्रश्नाचे २ मिळून बेरीज ६ झाली असती, आणि ५ ते ८ म्हणजे ‘संभाव्य’. एका प्रश्नानं पारडं फिरलं. चौथ्या पायरीवर वेळ घालवा म्हणालो, त्याचं कारण हेच. या मुलाची झोप निकालाच्या आधीच बिघडली होती, हे त्याच्या वहीतच आहे. डॉक्टर ते वाचून ‘शक्य’ला थोडं अधिक वजन देतील. बेरजेत अशा गोष्टी मावत नाहीत.

‘निश्चित’ ठरायला ९ गुण लागतात, आणि तिथवर पोचायचं तर जवळजवळ नेहमीच औषध पुन्हा देऊन त्रास परत येतो का ते पाहावं लागतं. हे स्वतःच्या मनानं करू नका. आत्महत्येचे विचार आले असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीही करण्याजोगा हा प्रयोग नाही. गोळी पुन्हा न घ्यायला ‘संभाव्य’ पुरेसं समजावं.

पायरी ७: डॉक्टरांसमोर काय बोलायचं

केसांच्या डॉक्टरांना मनाचं सांगायला संकोच वाटतो, आणि मनाच्या डॉक्टरांना केसांची गोळी सांगायचं सुचत नाही. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नावर माणूस बीपी-शुगर नाही म्हणून ‘काही नाही’ असं उत्तर देतो. एका कागदावर तारखा, प्रश्नावलीचे आकडे, रक्ताचे रिपोर्ट आणि औषधांची यादी न्या, आणि सरळ म्हणा: ‘डॉक्टर, अमुक तारखेपासून फिनास्टराइड एक मिलिग्रॅम घेत होतो. अमुक आठवड्यापासून झोप आणि मूड बिघडला. अमुक तारखेला बंद केली. त्यानंतर असं असं झालं.’ एवढ्यावर समोरचा माणूस गांभीर्यानं ऐकतो. न ऐकता ‘गुगल करू नका’ म्हणून वाटेला लावलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. चिडायला वेळ घालवू नका.

डिप्रेशनसाठी औषध सुरू होणार असेल तर लैंगिक तक्रारीच्या जुन्या नोंदी दाखवा. त्या गटातली बरीच औषधं स्वतःच इच्छा कमी करतात. आधी काय होतं ते लिहिलेलं नसेल तर पुढे सगळं एकमेकांत मिसळून जातं.

थांबवूनही महिनोन् महिने त्रास जात नाही, असं सांगणारे पुरुष आहेत. औषध थांबवल्यावरही लैंगिक तक्रारी टिकल्याची नोंद माहितीपत्रकांत आहे. हे का होतं यावर तज्ज्ञांत अजून वाद चालू आहे. अशा वेळी इंटरनेटवर ‘कायमचं वाटोळं’ सांगणारे आणि त्यावर डिटॉक्स विकणारे, दोघेही भेटतील. उदासी, झोप आणि चिंता यांवरचे उपचार मूळ कारण कोणतंही असलं तरी घेता येतात, म्हणून कारण सिद्ध होण्याची वाट बघत बसू नका.

केसांचं मग काय

फक्त मिनॉक्सिडिल असलेलं लोशन हा पहिला पर्याय. लेबल वाचूनच घ्या, संयुक्त बाटली परत हातात येऊ देऊ नका. ‘गोळी सोसली नाही तर कॅप्सूल घे’ असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ईएमएला ड्युटास्टराइडविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही, पण काम करण्याची रीत तीच म्हणून इशारा त्याच्याही माहितीपत्रकात घालायला सांगितला. केस प्रत्यारोपणाचा विचार असेल तर मूड सावरून काही महिने गेल्यावर. आणि मशिन फिरवून बारीक केस ठेवणं हा फुकटातला उपाय आहे.

नोंद कळवा

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन ठेवतो. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल-फ्री नंबर; रुग्ण स्वतः कळवू शकतो, संबंध सिद्ध झालेला असावा लागत नाही, शंका पुरते. मेडिकल कॉलेजांत याची केंद्रं असतात, तिथं फॉर्म भरून मिळतो. फॉर्ममध्ये औषधाचं नाव, डोस, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा, त्रासाचं वर्णन आणि सोबतची औषधं लिहायची असतात, म्हणजे तुमच्या वहीतलंच सगळं. कंपनी आणि बॅच नंबरही विचारतात. तो स्ट्रिपच्या मागे, एक्स्पायरीच्या शेजारी छापलेला असतो, आणि गोळ्या काढताना नेमका तोच कोपरा फाटतो. तेव्हा उरलेली स्ट्रिप टाकून देण्याआधी तिचा फोटो काढून घ्या.